टकटक, जुन्या मोटारीच्या इंजिनातली

जुन्या मोटारीचे इंजिन जागेवर चालू असताना त्यातून ठरावीक तालात येणारा हलका, कोरडा आवाज. गॅरेजमध्ये त्याला सरसकट ‘टॅपेट वाजतंय’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे फाटलेले पॅकिंग, सैल स्पार्क प्लग, ढिली टायमिंग चेन, झिजलेला पिस्टन, पेट्रोल पंप, इतकेच काय, फॅन बेल्टची सुटलेली कड यांचाही आवाज जवळपास असाच येतो. यांतला एखादा दोष पाच मिनिटांत दूर होतो, तर एखादा दुर्लक्ष केल्यास इंजिनाचा ब्लॉक फोडतो. आवाज किती मोठा आहे यावरून या दोहोंतला फरक कळत नाही. त्याचा ताल, तो गार इंजिनात येतो की गरम, आणि गाडीवर भार पडला की वाढतो का, हे पाहावे लागते.

महाराष्ट्राच्या सर्वांत ओळखीचे उदाहरण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० ही गाडी बांधली आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, अशी त्याची मांडणी. कॅमचा उंचवटा टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाब देते. या साखळीत रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम बारीकशी फट ठेवलेली असते, कारण इंजिन तापले की सुटे भाग प्रसरण पावतात आणि फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. ही फट ओलांडून रॉकर व्हॉल्व्हवर टेकतो तेव्हा हलकी ‘टिक’ होणारच. फट वाढली की टेकण्याचे आपटणे होते.

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर जागेवर चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सात वेळा उघडतो. एकच व्हॉल्व्ह ढिला असेल तर हा ताल कानाला जवळजवळ मोजता येतो. आठही व्हॉल्व्ह ढिले झाले, तर सेकंदाला पन्नासहून अधिक ठोके पडतात आणि शिलाई मशीन चालल्यासारखी सलग खळखळ ऐकू येते. ताल ठरवण्याची जुनी आणि अजूनही उत्तम युक्ती म्हणजे टायमिंग लाइट. पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरला तो जोडला की क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उजेड पडतो. उजेडागणिक एक ठोका येत असेल, तर दोष कॅम, टॅपेट, पुशरॉड, रॉकर किंवा व्हॉल्व्ह यांच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. उजेडागणिक दोन ठोके असतील, तर क्रँककडे पाहावे. पिस्टनचा आवाज मात्र फसवतो. सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर सर्वांत जोरात आपटतो तो पेट्रोलचा भडका उडाल्यावरच्या धावेत, म्हणजे तोही दोन फेऱ्यांत एकदाच. म्हणून नुसत्या तालावर निकाल देऊ नये.

ताल कळला की जागा शोधायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी ठेवणारा मिस्त्री जुन्या गॅरेजमध्ये हमखास दिसतो. मिस्त्रीचा स्टेथोस्कोप मिळतो तोही याच तत्त्वावर चालतो आणि अधिक सुरक्षित असतो, कारण फिरत्या पंख्यापासून डोके दूर राहते. रॉकर कव्हरवर आवाज स्पष्ट आणि खाली ऑइल चेंबरवर अस्पष्ट असेल, तर अर्धी चिंता मिटते. उलट असेल तर गाडी चालवणे तिथेच थांबवावे.

ढिला व्हॉल्व्ह नेमका कोणता, हे शोधायला रॉकर कव्हर काढून इंजिन अगदी हळू चालू ठेवतात आणि एकेका रॉकरखाली फिलर गेजचे पाते सरकवतात. ज्या व्हॉल्व्हवर पाते जाताच आवाज बदलतो, तो सापडला. थोडे ऑइल उडते, पण खात्री होते. टॅपेटचा गॅप मात्र इंजिन बंद करून, कंपनीच्या पुस्तकात गार की गरम इंजिनासाठी आकडा दिला आहे ते पाहूनच लावायचा. अ‍ॅम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे बसवले गेलेले १४८९ सीसीचे इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजमधले. त्याच मालिकेतल्या ब्रिटिश एमजीबी गाडीसाठी हा गॅप गार इंजिनात ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर आहे. या इंजिनांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि व्हॉल्व्हची रांग दोन्ही टोकांकडून सारखी, त्यामुळे ‘नऊचा नियम’ लागू पडतो : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचा गॅप लावायचा, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याचा, दुसरा दाबलेला असताना सातव्याचा. दोन आकड्यांची बेरीज दर वेळी नऊ. कॅमची उंच बाजू चुकून टॅपेटखाली असताना गॅप लावण्याचा घोटाळा त्याने टळतो.

गॅप बरोबर लावूनही टकटक राहिली की मालक मिस्त्रीवर संशय घेतो. बऱ्याचदा दोष रॉकरच्या तोंडाचा असतो. हजारो किलोमीटर व्हॉल्व्हच्या टोकावर घासून रॉकरला खळगा पडतो. फिलर गेजचे सपाट पाते त्या खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि मधली खोली मोजलीच जात नाही. पाते म्हणते गॅप बरोबर, प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त. अशा वेळी स्क्रू आणखी आवळणे हा उपाय नव्हे. रॉकर बदलावा किंवा त्याचे तोंड घासून घ्यावे, रॉकर शाफ्टची झीज पाहावी, आणि शाफ्टपर्यंत ऑइल पोचवणारी बारीक वाट काळ्या गाळाने बुजली नाही ना, हेही त्याच बैठकीत तपासावे. कव्हर उघडे ठेवून इंजिन हळू चालवले, तर कोणता रॉकर कोरडा आहे ते दिसतेच.

आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट घट्ट करून देणे ही या विषयातली सर्वांत घातक सवय आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या वायूंच्या झोतात उभा असतो आणि बंद असताना हेडमधल्या सीटला चिकटून आपली बरीचशी उष्णता तिथे सोडतो. गॅप शून्यावर आला की तो सीटवर नीट बसत नाही, उष्णता सोडू शकत नाही आणि त्याची कड जळू लागते. ढिला टॅपेट वाजतो, भाग झिजवतो, पण सावध करतो. घट्ट टॅपेटचे इंजिन गोड चालते आणि काही दिवसांनी एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन जाते. फोक्सवॅगन बीटलच्या मालकांनी हा धडा पिढ्यान्‌पिढ्या घेतला. तिच्या हवेने गार होणाऱ्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या झोताच्या वाटेत होता, त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला गरम हवा मिळे आणि तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर त्या वाटेतून बाजूला काढण्यात आला.

भारतातल्या जुन्या गाड्यांना याच प्रकारचा एक बदल इंधनातून भोगावा लागला. पूर्वीच्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसून सीटचे रक्षण करी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले, आणि लोकांच्या फुप्फुसांसाठी तो निर्णय आवश्यकच होता. पण बीड लोखंडाच्या हेडमध्येच सीट कापलेल्या इंजिनांत, विशेषतः हायवेवर जोरात पळणाऱ्या गाड्यांत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतू लागतो. तो जितका वर हेडमध्ये सरकतो, तितका टॅपेटचा गॅप कमी होतो. म्हणजे वर्षानुवर्षे टकटकणारे इंजिन कोणी हात न लावता शांत झाले, तर आनंद मानण्याऐवजी फिलर गेज काढायला हवे. कायमचा उपाय म्हणजे हेड उतरवले असताना कडक धातूच्या नव्या सीट बसवून घेणे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती टॅपेटचे सोंग इतके हुबेहूब आणते की त्यापायी व्हॉल्व्हचे काम फुकट केल्याची उदाहरणे गॅरेजागणिक आढळतात. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यातले पॅकिंग जळाले किंवा एखादा स्टड तुटला की दाबाखालचा वायू त्या चिरेतून ठोक्याठोक्याने सुटतो. ओळख अशी : सकाळी गार इंजिनात आवाज मोठा, चढावर त्याहून मोठा, आणि धातू तापून चीर मिटली की कमी किंवा नाहीसा. जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसतो. सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर दाबले तर आत दाब वाढून आवाज ठळक होतो. हा दोष पुढे ढकलू नये, कारण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो बॉनेटखालून आत, बसणाऱ्यांपर्यंत येऊ शकतो. सैल स्पार्क प्लगही असाच फुसफुसत टकटकतो. प्लगच्या बुडाशी तेलकट काळे वर्तुळ दिसले की पाना घ्यावा. तडा गेलेल्या प्लग वायरमधून ठिणगी बाहेर उडत असेल, तर रात्री बॉनेट उघडून पाहिल्यावर ती निळसर चमकताना दिसते.

खोलवरचा, जड, ‘ठक-ठक’ असा आवाज वेगळा. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले की तो येतो. वेग वाढवून अ‍ॅक्सिलरेटर सोडताना तो ठळक होतो, इंजिन तापून ऑइल पातळ झाले की वाढतो, आणि ऑइल प्रेशर कमी दाखवते. पॉइंट आणि कॉइल असलेल्या जुन्या गाड्यांत एकेका प्लगची वायर इन्शुलेटेड पकडीने काढून पाहतात. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज मंदावतो, त्याचे बेअरिंग किंवा पिस्टन दोषी. टॅपेटच्या आवाजाला याने फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांत हा प्रयोग करू नये. मॉड्यूल जळते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरचे नुकसान करते. गार इंजिनात पोकळ वाजणारा आणि तापल्यावर जाणारा पिस्टनचा आवाज त्या मानाने सौम्य. अशी इंजिने बोअर करण्याची वेळ येईपर्यंत बरीच वर्षे चालतात.

सगळ्या इंजिनांत गॅप लावावा लागत नाही. कॅडिलॅकने १९३० मध्ये आपल्या व्ही-१६ इंजिनात ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारी योजना आणली, आणि पुढे हायड्रॉलिक टॅपेट सर्वत्र पसरले. रात्रभर उभ्या गाडीत त्यांतले ऑइल खाली उतरते, म्हणून सकाळी काही सेकंद टकटक होणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही ती राहिली तर आधी डिपस्टिक काढावी. ऑइल कमी असले तर हवा ओढली जाते हे सर्वांना ठाऊक असते. ऑइल फार जास्त भरले तरी क्रँक ते घुसळून फेस करतो आणि टॅपेटमध्ये हवाच जाते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. गाळ साचलेल्या जुन्या इंजिनात फ्लश ओतून एका दिवसात सफाई करण्यापेक्षा चांगले ऑइल दोन-तीनदा लवकर बदलणे शहाणपणाचे, कारण एकदम सुटलेला गाळ ऑइल पंपाची जाळी बुजवू शकतो.

ऑइल निवडतानाही जुन्या इंजिनाचा विचार वेगळा करावा लागतो. सपाट तळाच्या टॅपेटवर कॅम घासत फिरतो आणि त्याला जस्त-फॉस्फरसयुक्त रसायनाचे संरक्षण लागते. कन्व्हर्टर वाचवण्यासाठी २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या ऑइलमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडना ती लागू नव्हती. कॅमचा उंचवटा एकदा झिजला की गॅप वारंवार वाढतो, तो व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, आणि कितीही सेटिंग केले तरी टकटक परत येते. पुशरॉडवर डायल गेज लावून प्रत्येक उंचवट्याची उचल मोजली की निकाल स्पष्ट होतो.

काही टकटक इंजिनाची नसतेच. मॉरिस मायनरचा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप चावी फिरवताच टिकटिकतो आणि कार्बोरेटर भरला की थांबतो. तो थांबलाच नाही, तर टाकी रिकामी आहे, पाइप हवा ओढतो आहे किंवा कार्बोरेटर वाहतो आहे. इंजेक्शनच्या गाड्यांत इंजेक्टरची बारीक टिकटिक हे ते चालू असल्याचे लक्षण. फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवले आणि आवाज गेला, तर डायनमो किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग पाहावे. त्याहून जास्त वेळ चालवू नये, कारण पाणी फिरत नसते.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडे उरलेल्या पद्मिनींचे रॉकर, पुशरॉड, पॅकिंग आता शोधूनच आणावे लागतात. त्यामुळे डिपस्टिक, मॅनिफोल्ड, प्लग, बेल्ट हे हेड न उघडता तपासता येणारे सारे आधी तपासावे, मग रॉकर कव्हर काढावे, आणि टॅपेट लावून झाल्यावर काही शे किलोमीटर चालवून इंजिन गार असताना गॅप पुन्हा एकदा मोजावा.