रस्ता सुटला, ट्रॅक सापडला: ट्रॅक डेची शंभर वर्षांची गोष्ट

आजचा भाग बाईकवाल्यांसाठी आणि गाडीवाल्यांसाठी आहे. पण ज्यांच्याकडे फक्त सायकल आहे त्यांनीही ऐका, कारण या गोष्टीत इंजिनं कमी आणि माणसं जास्त आहेत.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगतो. एखादा रेसट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घ्यायचा. तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांनी आपली रोजची बाईक किंवा गाडी घेऊन यायचं, पैसे भरायचे आणि ठरलेल्या वेळात ती पळवायची. यात पहिला नंबर नसतो, कप नसतो. समोरून ट्रक येत नाही, वळणावर गाय बसलेली नसते, मध्येच स्पीडब्रेकर उगवत नाही. झालं, एवढंच.

मग यात इतिहास कसला? तर इतिहास असा, की एवढी साधी सोय उभी राहण्याआधी खूप माणसं रस्त्यावर मेली. आणि ती सोय ज्यांनी उभी केली, त्यांची नावं पोस्टरवर कधी आली नाहीत.

रस्त्यावरची रेस

साल १९०३, महिना मे. पॅरिसहून माद्रिदला जायची रेस सुरू झाली. ट्रॅक वगैरे काही नाही, सरळ गावागावातून जाणारे रस्ते. दोन्ही बाजूंना लोकांची ही गर्दी! लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि गाडी जवळ आली की बाजूला व्हायचे. पुढची गाडी धूळ उडवायची, मागच्याला काही दिसायचं नाही. पहिल्याच टप्प्यात ड्रायव्हर गेले, बघे गेले. रेनॉ कंपनीच्या भावांपैकी मार्सेल रेनॉ याच रेसमध्ये गेला. शेवटी सरकारने बोर्डोमध्येच रेस थांबवली. माद्रिदला कोणी पोचलंच नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये वेगळीच अडचण होती. रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. गाड्या बनवणाऱ्यांनी त्या तपासायच्या कुठे? ह्यू लॉक किंग नावाच्या एका जमीनदाराने ठरवलं, आपल्याच जमिनीवर गाड्यांसाठी वेगळी जागा बांधायची. लंडनजवळ वेब्रिजला ब्रुकलँड्स उभं राहिलं. साडेचार किलोमीटरच्या आसपासचा काँक्रीटचा ट्रॅक, वळणांना भिंतीसारखा चढ. या कामात त्याचा पैसा तर गेलाच, तब्येतही खचली, आणि त्याची बायको एथेल हिने काम तडीस नेलं. जून १९०७ मध्ये ट्रॅक उघडला. त्याच महिन्यात सेल्विन एज नावाच्या ड्रायव्हरने तिथे सलग २४ तास गाडी चालवली. रात्री कडेने दिवे लावले होते. सरासरी वेग पडला ताशी १०६ किलोमीटर. बाहेरच्या रस्त्यावर ३२ चालत नव्हते आणि कुंपणाच्या आत १०६ चालत होते. जागा बदलली की गुन्ह्याची हौस होते, ती अशी.

आता ट्रॅक डेचं मूळ बघायचं तर जर्मनीत जायला हवं. आयफेलच्या डोंगरात बेकारांना काम मिळावं म्हणून १९२५ मध्ये एक ट्रॅक बांधायला घेतला. तो १९२७ मध्ये उघडला. नाव नुर्बुर्गरिंग. गेमिंगवाल्यांना हे नाव पाठ असेल! पण यातली खरी गंमत ही, की पहिल्यापासून तो सामान्य माणसालाही खुला होता. रेस नसेल त्या दिवशी टोल भरा, आपली गाडी घाला आणि डोंगरातून फिरून या. आजही त्यातला २०.८ किलोमीटरचा उत्तरेकडचा भाग ठराविक दिवशी तिकीट काढून चालवता येतो. कायद्याने तो त्या वेळी एकेरी वाहतुकीचा टोल रस्ताच असतो. ओव्हरटेक फक्त डावीकडून, उजवी बाजू मागून येणाऱ्यासाठी सोडायची नाही. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून हा नियम आपल्या उलटा.

युद्ध संपलं, धावपट्ट्या उरल्या

दुसऱ्या महायुद्धात ब्रुकलँड्स विमानं बनवण्यात गेलं आणि तिथलं रेसिंग संपलं ते कायमचंच. पण युद्धाने एक चीज मागे ठेवली, ती म्हणजे रिकामी विमानतळं. बॉम्बफेकी विमानांसाठी बांधलेल्या लांबच लांब धावपट्ट्या, भोवती गोल फिरणारा रस्ता, आणि आता वापर शून्य. तिथे मेंढ्या चरायच्या.

मेंढ्यांवरून आठवलं. १९४७ मध्ये सिल्व्हरस्टोन नावाच्या अशाच एका रिकाम्या विमानतळावर डझनभर मित्र आपापल्या गाड्या घेऊन घुसले. परवानगी वगैरे काही नाही. रेस लावली आणि त्यातल्या एकाने मेंढीला उडवलं. मेंढीही गेली, गाडीही गेली. त्या रेसला नंतर थट्टेने 'मटण ग्रां प्री' म्हणायला लागले. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, तिथे गवताच्या गठ्ठ्या आणि दोऱ्या लावून अधिकृत रेस झाली. आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली रेस झाली, तीही तिथेच. म्हणजे आज आपण रात्री जागून जे बघतो, त्याच्या आधी एक मेंढी आहे!

अमेरिकेतही तोच धडा, पण जास्त कडू. वॉटकिन्स ग्लेन गावात १९४८ पासून रस्त्यावर हौशी लोकांची रेस व्हायची. १९५२ मध्ये एक गाडी गर्दीला लागली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. गावातल्या रस्त्यांवरची रेस बंद झाली. मग हौशी क्लबांनी जायचं कुठे? तर हवाई दलाचा जनरल कर्टिस लेमे, जो स्वतः गाड्यांचा शौकीन होता, त्याने आपल्या ताब्यातले विमानतळ क्लबला रेससाठी दिले. काही वर्षं बॉम्बफेकी विमानांच्या शेजारी स्पोर्ट्स कार पळत होत्या.

आपली धावपट्टी: शोलावरम

आता घरी या. चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम म्हणून गाव आहे. तिथेही महायुद्धातली धावपट्टी पडून होती. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब सुरू झाला आणि त्या हौशी मंडळींनी तिथे रेस भरवायला सुरुवात केली. घरच्या फियाट, हेराल्ड, मोटरसायकली. आठवडाभर ऑफिसला नेणारी गाडी, रविवारी रेसला. पुढे परदेशी गाड्याही आल्या. विजय मल्ल्या यांनी तर तिथे एन्साइनची फॉर्म्युला वन गाडी पळवली. कोईमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून एकसीटी रेसगाडी बनवली, तिला फॉर्म्युला मारुती म्हणायचे. आपल्याकडची एक पिढी त्या गाडीवर शिकली.

पण धावपट्टी उसनी होती. दर वेळी सगळं मांडायचं, दर वेळी आवरायचं. शेवटी क्लबने स्वतः जमीन घेतली आणि श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाईला ट्रॅक बांधला. १९९० मध्ये तो सुरू झाला, लांबी ३.७ किलोमीटर. हे पुन्हा ऐका. सरकारने नाही, गाड्या बनवणाऱ्या कंपनीने नाही, हौशी लोकांच्या क्लबने रेसट्रॅक बांधला. लॉक किंगचं काम इथे वर्गणीदारांनी केलं. मग २००३ मध्ये कोईमतूरला करिवर्धन यांच्या नावाने करी मोटर स्पीडवे आला, २.१ किलोमीटरचा. आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५ किलोमीटरहून लांब. फॉर्म्युला वन तिथे तीनच वर्षं आली, २०११ ते २०१३. नंतर तिथल्या डांबरावर चाकं फिरत राहिली ती बरीचशी ट्रॅक डेवाल्यांची.

झेंडा धरून उभा असलेला माणूस

इथपर्यंत आपण जागेबद्दल बोललो. पण नुसती जागा पुरत नाही, आणि हे सांगायला पुन्हा नुर्बुर्गरिंगला जावं लागतं. १ ऑगस्ट १९७६. निकी लाउडाची फेरारी आदळली आणि पेटली. ट्रॅक इतका लांब, की जागोजाग मदत ठेवणं शक्यच नव्हतं. त्याला आगीतून ओढून काढलं ते मागून येणाऱ्या ड्रायव्हरांनी: मेर्झारियो, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल. लाउडा वाचला. फॉर्म्युला वन त्या लांबलचक ट्रॅकवर पुन्हा कधी गेली नाही.

ज्यांनी बैलगाडा शर्यत पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. घाट कितीही चांगला असू द्या, झेंडा टाकणारा पंच आणि लोकांना मागे सारणारी गावातली पोरं नसतील तर शर्यत होत नाही, चेंगराचेंगरी होते.

मी स्वतः दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर आयोजकांच्या मदतीला गेलो होतो, बाईक न घेता. कामाची सुरुवात पहाटे. आधी फॉर्म भरून घ्यायचे: काही झालं तर जबाबदारी माझी, अशी सही. मग तपासणी. हेल्मेटला तडा आहे का, टायरला रबर उरलंय का, ब्रेकचं ऑइल गळतंय का, चेन सैल आहे का. आरसे काढायचे किंवा चिकटपट्टी लावून झाकायचे, हेडलाइटवरही पट्टी, म्हणजे फुटली तर काच ट्रॅकवर सांडणार नाही. लेदर सूट नसेल तर सरळ घरी. मग ब्रीफिंग: पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू परत या. निळा म्हणजे मागे तुमच्याहून वेगवान कोणीतरी आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. चौकटीचा म्हणजे संपलं. नवखे वेगळे, मधले वेगळे, जाणकार वेगळे, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं आळीपाळीने. नवख्यांनी पहिल्या फेऱ्या शिकवणाऱ्याच्या मागेच मारायच्या, आणि ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात.

दुपारी एक मुलगा पडला. कॉलरबोन गेलं असावं. त्याला घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स हॉस्पिटलला गेली आणि ट्रॅक बंद झाला. साधा नियम आहे: अ‍ॅम्ब्युलन्स जागेवर नाही, तर ट्रॅकवर कोणी नाही. उन्हात सगळे पैसे भरून बसलेले. एकजण चिडून म्हणाला, "दादा, पडला तो. आम्ही काय केलं?" आयोजक शांतपणे म्हणाला, "तुम्ही काहीच केलं नाही. पुढचा पडणारा कोण, ते मला माहीत नाही, म्हणून थांबलोय." अ‍ॅम्ब्युलन्स परत येईपर्यंत एकही इंजिन सुरू झालं नाही.

ट्रॅक डेचं भाडं जास्त का, असं विचारतात ना, त्यातला मोठा वाटा या थांबण्याचा असतो. डॉक्टर, अ‍ॅम्ब्युलन्स, बाईक उचलणारी गाडी, आणि प्रत्येक वळणावर दिवसभर उन्हात उभा असलेला मार्शल. फोटोत तो कधीच येत नाही.

मग आपलं काय?

महाराष्ट्रात बाईकवेड्यांची कमी नाही. पण मोठ्या ट्रॅकवर जायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना चेन्नई, कोईमतूर नाहीतर नोएडा गाठावं लागतं. बाईक टेम्पोत टाका, दोन दिवस सुट्टी काढा, खर्च करा. त्यामुळे खूप जण जवळचा पर्याय निवडतात: रविवारी पहाटे घाट.

आमच्या ग्रुपमधला एकजण अशाच एका पहाटेहून परत आला नाही. तो बेफाम चालवणारा नव्हता, आमच्यात सगळ्यात सावध तोच. वळणावर रस्त्यात डिझेल सांडलेलं होतं. ट्रॅकवर असता तर आधीच्या वळणावर कोणीतरी पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा धरून उभा असता. घाटात असा माणूस नसतो. तुम्ही कितीही हुशार असा, पुढच्या वळणावर काय आहे हे सांगणारा तिथे कोणी नसतो.

पॅरिस-माद्रिदच्या वेळी लोकांना हे माहीत नव्हतं. आपल्याला १९०३ पासून माहीत आहे.

म्हणून सांगतो. वर्षातून एकदा चार मित्र मिळून एका टेम्पोत बाईक घाला आणि नवख्यांच्या गटात नाव द्या. जाण्याआधी विम्याची पॉलिसी नीट वाचा, नेहमीच्या विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरत नाहीत. टायर आणि ब्रेक पॅड आधी बदला, एक्झॉस्ट नंतर. आणि पैसेच जमत नसतील, तर मार्शल म्हणून नाव द्या. क्लबांना अशी माणसं कायम हवी असतात, शिकवतातही. ट्रॅकच्या इतक्या जवळ उभं राहायला दुसरा मार्ग नाही. शोलावरमची उसनी धावपट्टी मांडून आवरणारे लोकही असेच रविवारी आलेले होते.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणी पहाटे घाटात जाणारा असेल, तर हा भाग त्याला पाठवा. शनिवारी रात्रीच पाठवा. भेटू पुढच्या भागात, तोवर सांभाळून चालवा!