भागीचे घोडे आणि भागीचे विमान

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी पत्राने एक प्रश्न विचारला. तेथील एका लहान विमानतळावर आठ जणांच्या मालकीचे सेस्ना १७२ जातीचे विमान आहे. त्यांपैकी एक भागीदार आपला अष्टमांश विकू इच्छितो. तो घ्यावा की न घ्यावा? पत्राच्या अखेरीस त्याने सहज लिहिले होते की, आईला हा बेत सांगताच ती म्हणाली, "भागीचे घोडे किवणाने मेले, एवढे ध्यानात ठेव."

प्रस्तुत लेखक वैमानिक नव्हे. तथापि त्या माउलीच्या म्हणीत इतिहासाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. वस्तू अविभाज्य असून तिची मालकी मात्र विभागली, तर तिच्या राखणीची जबाबदारी कोणाची? या टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

म्हणीतील मर्म 'किवण' या शब्दात आहे. किवण म्हणजे चिघळलेली जखम. भागीचे घोडे लढाईत पडत नाही, साथीच्या रोगानेही मरत नाही. सर्वांना दिसणाऱ्या आणि वेळीच उपचार केल्यास बऱ्या होणाऱ्या जखमेने ते मरते. घोड्यावर बसण्याचा हक्क प्रत्येकाचा ठरलेला असतो. जखम धुण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नसते.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा धोका ठाऊक होता. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत चौथे पद 'संभूयसमुत्थान' हे आहे. 'संभूय' म्हणजे एकत्र होऊन आणि 'समुत्थान' म्हणजे उद्योगास उठणे. मनूचे विवेचन मुख्यतः ऋत्विजांच्या दक्षिणेच्या वाटणीसंबंधी आहे. याज्ञवल्क्य व नारद हे व्यापाऱ्यांच्या भागीदारीचाही विचार करतात. ज्याचा जसा अंश तसा त्याचा क्षय, व्यय आणि वृद्धी, असा नारदाचा नियम आहे. येथे तोटा व खर्च यांचा उल्लेख आधी आणि लाभाचा नंतर आलेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याज्ञवल्क्य त्यापुढे जातो. इतरांनी मना केलेले, न सांगितलेले किंवा हलगर्जीने केलेले नुकसान ज्याचे त्याने भरून द्यावे. संकटातून माल वाचविणाऱ्यास दहावा हिस्सा द्यावा. कपटी भागीदारास लाभ न देता काढून टाकावे. जो स्वतः काम करू शकत नाही त्याने ते दुसऱ्याकडून करवून घ्यावे. 'भागीचे घोडे' आणि 'संभूयसमुत्थान' यांतील भेद हाच होय. पहिल्यात फक्त हक्क वाटला जातो, दुसऱ्यात दोषही नेमून दिला जातो.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचा विकास जहाजाच्या निमित्ताने झाला. ब्रिटिश कायद्यात जहाजाच्या मालकीचे ६४ भाग धरले जात, आणि १८९४ च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टने तीच पद्धत कायम ठेवली. १९५८ च्या भारतीय कायद्याने हे भाग दहा केले. परंतु जहाजाचे भागीदार सहसा स्वतः जहाज हाकीत नसत. समुद्रावर कप्तान असे आणि बंदरात एखादा व्यवस्थापक भागीदार हिशेब पाही. राखण कोणी करावयाची, हे अशा रीतीने ठरलेले असे.

लहान विमानाने ही घडी मोडली. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी डी हॅविलँड कंपनीच्या 'मॉथ' विमानाचे पहिले उड्डाण झाले. पंख दुमडून अरुंद जागेत ठेवता येणाऱ्या या विमानामुळे हौशी माणसाला उड्डाण आवाक्यात आल्यासारखे वाटू लागले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने हलक्या विमानांचे क्लब निघाले. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना हे तेथील शिक्षणाचेच फळ होते. क्लबाच्या सभासदाकडे विमानाची मालकी नसते आणि म्हणून राखणीचा भारही नसतो. पुढे १९५६ मध्ये बाजारात आलेल्या सेस्ना १७२ सारख्या चार आसनी विमानांचा प्रसार झाला. अशी विमाने चारसहा जणांनी मिळून घेण्याची रीत अनेक देशांत रुळली. या भागीदारांपैकी प्रत्येक जण मालकही असतो आणि आळीपाळीने कप्तानही. 'समुत्थान' शब्दशः घडते, पण एकत्र नव्हे. प्रत्येक जण एकटा वर जातो, आणि त्या वेळी इतर सात जण पाहात नसतात.

१९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड सँटुली यांनी 'नेटजेट्स'च्या रूपाने जेट विमानांचे अंश विकण्यास आरंभ केला. त्या व्यवस्थेत वैमानिक व देखभाल कंपनीकडे असते. म्हणजे तेथे मोतद्दार पगारी आहे. लहान गटात तो नसतो.

आता व्यवहाराचा हिशेब पाहू. समजा, विम्याचा, हँगराचा व वार्षिक तपासणीचा मिळून खर्च ९,६०० पौंड आहे. आठांत वाटल्यास प्रत्येकी १,२०० पडतात. इंधन व इंजिनाच्या पुनर्बांधणीसाठी बाजूस टाकावयाची रक्कम मिळून तासाला ११० पौंड, आणि तशाच विमानाचे भाडे तासाला १९० पौंड धरू. म्हणजे दर तासास ८० पौंड वाचतात आणि वर्षाला १५ तास उडाल्यास स्थिर खर्च निघतो. भागाची किंमत ८,००० पौंड असल्यास शेकडा ५ दराने तिचे ४०० पौंड व्याज बुडते. त्यासाठी आणखी ५ तास हवेत. वीस तासांहून कमी उडणाऱ्याने भाडे द्यावे, हे उघड आहे. हे आकडे केवळ उदाहरणार्थ आहेत. रीत मात्र सर्वत्र तीच राहील.

परंतु या हिशेबात किवण कोठेच दिसत नाही. ते पाहावयाचे तर विमानाच्या नोंदवहीकडे वळले पाहिजे. प्रत्येक उड्डाणाचे तास व आढळलेले दोष तीत लिहिले जातात. याज्ञवल्क्याला साक्षीपुराव्याने जे ठरवावे लागले असते, ते येथे तारखेसह उपलब्ध असते. म्हणून विद्यार्थ्यास तीन गोष्टी विचारण्यास कळविले. इंजिनासाठीची रक्कम खरोखर जमा आहे काय? हलगर्जीने झालेले नुकसान कोणी भरावयाचे, हे करारात लिहिले आहे काय? आणि दोषाची नोंद झाल्यावर दुरुस्तीची नोंद किती दिवसांनी आली आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली. नोंदवहीत मात्र एकाच उन्हाळ्यात, तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत, डाव्या ब्रेकची पकड कमी असल्याचे लिहिलेले होते. दुरुस्तीची नोंद एकही नव्हती. तिघांनी जखम पाहिली होती, तिघांनी ती प्रामाणिकपणे लिहूनही ठेवली होती, आणि तिघेही विमान जागेवर लावून घरी गेले होते.

त्याने तो भाग घेतला नाही. आईला काय कळविले, हे त्याने लिहिलेले नाही.