औषधांचा हिशेब करणारे ‘आर’ : बदल करण्याचा हक्क कुणाला?

तुम्ही घेता ते औषध खरंच गुणकारी आहे का, हे ठरवताना संशोधक अनेक रुग्णांच्या नोंदींचा संख्याशास्त्रीय हिशेब मांडतात. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं एक मोफत सॉफ्टवेअर म्हणजे ‘आर’.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते तयार केलं आणि १९९३ मध्ये इतरांना वापरायला दिलं. स्वित्झर्लंडमधील झुरिकचे मार्टिन मेख्लर त्यातल्या चुका शोधून कळवत राहिले. त्यांच्या आग्रहामुळे १९९५ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, सर्वांसाठी खुली झाली. पुढे दुरुस्त्या इतक्या येऊ लागल्या, की दोघांना आवरेनात. म्हणून १९९७ मध्ये कोड थेट बदलू शकणारा छोटा गट तयार झाला. मेख्लर त्यात होते.

शिकाऊ डॉक्टरच्या हाती पहिल्याच दिवशी शस्त्रक्रिया सोपवत नाहीत, तसंच हे. आधी चुका दाखवायच्या, दुरुस्त्या पाठवायच्या, जुन्या जाणकारांकडून तपासून घ्यायच्या. विश्वास बसला की मगच अधिकार.

कारण हिशेबातली एक चूक औषधाबद्दलचा निष्कर्ष बदलू शकते. म्हणून कोड वाचायची मुभा सर्वांना, बदलायची मोजक्यांनाच. तेव्हा मोफत म्हणजे बेभरवशाचं, असं समजू नका.