कार्ल्याचे लेणे कोणी कोरले?

महाराष्ट्रात डोंगराच्या पोटात कोरलेले लेणे दिसले की, ते पांडवांनी एका रात्रीत कोरले अशी कथा तेथे ऐकू येतेच. नाशिकजवळच्या लेण्यांना तर ‘पांडवलेणी’ हेच नाव पडले आहे. ही कथा बनविणाऱ्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही. काळ्या पाषाणातून एवढे मोठे दालन उभे राहिलेले पाहून, हे मनुष्याच्या हातून कसे झाले असेल, असा विस्मय वाटणे स्वाभाविक आहे. आणि विस्मय वाटला की मन भीमाच्या बळाकडे व देवांच्या साहाय्याकडे धाव घेते. परंतु पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहाविषयी हा प्रश्न अनुत्तरित राहिलेला नाही. ते कोणी उभे केले हे त्याच्या खांबांवरच लिहिलेले आहे, आणि ते उत्तर पांडवांच्या कथेहून अधिक आश्चर्यकारक आहे.

कार्ल्यास जाण्यास एक दिवस पुरतो. मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतून सकाळी निघालेला मनुष्य सूर्यास्तापूर्वी सारे पाहून परतू शकतो. लोणावळ्यापासून पुण्याकडे जाताना पहिले स्टेशन मळवलीचे. तेथे उतरून दक्षिणेकडे पाहिले तर लोहगड व विसापूर हे दोन किल्ले दिसतात आणि विसापूरच्या अंगाला भाज्याची लेणी आहेत. उत्तरेकडे साधारण एक कोसाच्या पलीकडे जी डोंगराची ओळ दिसते, तिच्या कुशीत कार्ल्याचे लेणे आहे. मध्ये भातखाचरे, मुंबई-पुणे महामार्ग आणि वेहेरगाव लागते. ‘वेहेर’ हा शब्द ‘विहार’ या शब्दाचाच अपभ्रंश होय. भिक्षूंचा विहार ओस पडून शतके लोटली. पण खालच्या गावाने त्याची आठवण आपल्या नावात जतन करून ठेवली आहे. लेण्याचे प्राचीन नाव मात्र निराळे होते. शिलालेखांत या स्थळास ‘वलूरक’ म्हटले आहे.

भिक्षूंनी हीच जागा का निवडली, हे त्या चढणीवरून खाली पाहिले म्हणजे ध्यानात येते. ज्या खिंडीतून आज आगगाडी व मोटारी जातात, त्याच बोरघाटाच्या वाटेने दोन हजार वर्षांपूर्वी बैलांचे तांडे चालत असत. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल घाट चढून जुन्नर, पैठण, तेर या देशावरच्या नगरांकडे जाई. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एके ठिकाणी वास करावा असा बौद्ध संघाचा नियम होता. त्यांना एकांत हवा, पण भिक्षा मिळण्याइतकी वस्ती व रहदारीही जवळ हवी. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी म्हणूनच या व्यापारी मार्गाच्या आसपास वसली आहेत.

शेकडो पायऱ्या चढून वर आल्यावर प्रथम दृष्टीस पडते ते एकवीरा देवीचे मंदिर. कोकणातील कोळी बांधवांचे व इतर अनेक कुळांचे हे दैवत असून चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. लेण्याच्या दाराशीच देवीचे स्थान असल्यामुळे ही जागा कधी पूर्णपणे निर्मनुष्य झाली नाही. मंदिराच्या बाजूस, लेण्यासमोर, एक उंच स्तंभ उभा आहे व त्याच्या शिरोभागी चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याने हा सिंहस्तंभ दिला, असे त्यावरील लेख सांगतो. प्रवाशाला भेटणारा हा पहिला दाता.

पुढे ओसरी लागते. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या पायथ्याशी भव्य हत्ती कोरलेले आहेत. वरचा सारा भार त्यांनी पाठीवर तोलला आहे असा भास होतो. दारांच्या बाजूंस स्त्रीपुरुषांची जोडपी आहेत. त्यांची अंगलट भरदार, मुद्रा प्रसन्न व उभे राहण्याची ढब निःसंकोच आहे. बुद्धाच्या मूर्ती येथे आहेत त्या काही शतकांनंतर कोरलेल्या आहेत. मूळ लेणे घडले त्या काळी उपासना होत असे ती मूर्तीची नव्हे, तर आतील स्तूपाची.

आत पाऊल टाकताच बोलणारा माणूस आपोआप थबकतो. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच असे हे दालन आहे. भारतातील कोरीव चैत्यगृहांत याहून मोठे दुसरे नाही. स्तूपाला वळसा घालणाऱ्या रांगेत ३७ स्तंभ आहेत. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ घटाच्या आकाराच्या बैठकीवर उभे असून, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली जोडपी आहेत. स्तूपामागील सात स्तंभ साधे अष्टकोनी आहेत. वर पाहावे तो कमानदार छताला लाकडी फासळ्या बसविलेल्या दिसतात. त्या मूळच्याच आहेत. स्तूपावरील लाकडी छत्रही अद्याप टिकून आहे.

दगडाच्या छताला लाकडी फासळ्यांचा आधार कशाला, असा प्रश्न येथे कोणासही पडेल. आधार म्हणून त्यांची तिळमात्र गरज नाही. परंतु या कारागिरांचे वाडवडील लाकडी इमारती बांधीत आले होते आणि पूजास्थानाचे रूप म्हणजे लाकडी घराचेच रूप, असा त्यांचा संस्कार होता. भाज्याचे चैत्यगृह कार्ल्याहून सुमारे दोन शतकांनी जुने आहे. तेथील दगडी खांब आतल्या बाजूस किंचित झुकलेले आहेत, कारण लाकडी छताचा रेटा सावरण्यासाठी खांब तसे तिरपे पुरावे लागत. कार्ल्यास येईपर्यंत हे खांब सरळ झाले. पाषाणाचा स्वभाव कारागिरांना कळू लागला होता. तरी फासळ्यांचा मोह त्यांना सुटला नाही.

कामाची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. बांधकाम पायापासून वर जाते. लेणे वरून खाली येते. आधी छताचा भाग मोकळा करावयाचा आणि मग थराथराने खाली उतरत खांब, भिंती व शेवटी जमीन काढावयाची. अशा रीतीने परातीची गरज मोठ्या अंशी टळते. मात्र एक अडचण कायम राहते. बांधलेल्या भिंतीचा चिरा बिघडला तर बदलता येतो. कोरलेल्या हत्तीची सोंड तुटली तर ती पुन्हा जोडता येत नाही. छतावर पहिला घाव घालण्यापूर्वीच अखेरच्या खांबाची जागा निश्चित असावी लागे. एका रात्रीचे हे काम नव्हे, आणि एका माणसाचेही नव्हे.

मग ते कोणाचे? हे लेख कित्येक शतके कोणालाच वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि हे मुके दगड बोलू लागले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ साली पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांचे शिलालेख प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कार्ल्याच्या खांबांची पुन्हा बारकाईने पाहणी करून त्यांत भर घातली. या लेखांत पराक्रमाची वर्णने नाहीत. गावाचे नाव, माणसाचे नाव आणि ‘खांब दान’ एवढे दोन शब्द, इतकाच बहुतेकांचा विस्तार आहे.

ही नावे ओळीने वाचीत गेले म्हणजे एक सबंध समाज डोळ्यांपुढे उभा राहतो. धेनुकाकट नावाच्या गावचे दाते सर्वांत अधिक. हे गाव नेमके कोठे होते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ते लेण्याच्या परिसरातच असावे, असे कोसंबींचे मत होते. तेथील सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. त्याने दर्शनी द्वार दिले. तेथील व्यापाऱ्यांच्या संघाचेही दान आहे. सिंहध्वज व धर्म यांनी खांब दिले, आणि हे दोघेही स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. म्हणजे ग्रीक वंशाचे, किंवा निदान पश्चिमेकडून आलेले लोक या मावळात राहून, देशी नावे धारण करून, येथल्या देवकार्यास हातभार लावीत होते. सोपाऱ्याच्या एका धर्मपाठकाने अवशेषयुक्त खांब अर्पण केला. इंद्रदेव नावाच्या वृद्ध भिक्षूने ओसरीतील हत्ती दिले. कोडी नावाच्या भिक्षुणीने कठड्याचे कोरीव काम दिले. ती घुणिकाची आई, हेही लेखात नमूद आहे आणि ते काम नंदिकाने केले, हेही.

ओसरीत एक लेख असा आहे की, तेथे प्रत्येकाने क्षणभर थांबावे. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले आणि ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे त्यात म्हटले आहे. व्यापाऱ्याची ही बढाई असेल. परंतु ती खोटी ठरविणे आजही कठीण आहे.

या यादीत राजे कोठे आहेत? एका खांबावर उषवदाताचा पुत्र मित्रदेवणक याचे नाव आहे. हा उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावईच, असे अनेक विद्वान मानतात. तसे असेल तर राजघराण्यातील हा पुरुषही इतरांप्रमाणे एका खांबाचाच धनी ठरतो. उषवदाताने स्वतः वलूरकाच्या भिक्षूंच्या वर्षावासातील निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. हे वैर किती कडवे होते याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे मिळाला. तेथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूचे नाणे त्याने असे पुसले. परंतु शत्रूने भिक्षूंना दिलेले गाव काढून घेतले नाही. ते गाव भिक्षूंकडे राहावे असे फर्मावणारा लेख कार्ल्यातच आहे व तो इतिहासकार गौतमीपुत्राचा समजतात. त्यानंतर वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षी, अबुलामा येथील हरफरण नावाच्या, नावावरून इराणी वाटणाऱ्या उपासकाने महासांघिक भिक्षूंसाठी नऊ खोल्यांचा मंडप दिला. राजवटी बदलल्या, लेण्याचे काम आणि भिक्षूंचे अन्न चालू राहिले.

तेव्हा कार्ल्याचे लेणे म्हणजे एका सम्राटाच्या आज्ञेचे फळ नव्हे. ते एकेका खांबाची जबाबदारी घेणाऱ्या माणसांचे काम आहे, आणि ती माणसे एका गावची, एका जातीची किंवा एका वंशाचीही नव्हती. आज महाराष्ट्रात एखादे वाचनालय वा शाळा उभी करावयाची झाली म्हणजे खोलीखोलीवर देणगीदारांच्या पाट्या लागतात. ही रीत आपण परक्यांकडून घेतली असे समजण्याचे कारण नाही. ती या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी रूढ होती.

आता हे लेणे संरक्षित स्मारक आहे व पुरातत्त्व खाते त्याची देखरेख करते. तरीही येथे येणाऱ्यांपैकी काहींना भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरण्याचा मोह आवरत नाही. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, येथील बहुतेक जुन्या नावांपुढे ‘दान’ हा शब्द आहे. काही दिल्यावाचून येथे नाव लिहिण्याचा प्रघात नव्हता.

लेण्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. म्हणून प्रवाशाने भाजे सकाळी पाहून कार्ल्यास उतरत्या दुपारी यावे. त्या वेळी सूर्यगवाक्षातून तिरपा प्रकाश आत शिरतो आणि खांबांच्या माथ्यावरची हत्तींची रांग उजळून निघते. बाहेर पडताना द्वाराजवळचा आणखी एक छोटा लेख पाहावयास विसरू नये. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे द्वार केले, असे तो सांगतो. दार देणारा सिंहदत्त आणि दार घडविणारा सामी या दोघांचीही नावे एकाच उंबरठ्यावर राहिली आहेत.