कुर्डुवाडी : दोन रुळांचे स्थानक

१/ कुर्डुवाडीच्या फलाटावरून एकेकाळी दोन रेल्वे दिसत. एकीकडे मुंबई–मद्रास मार्गाचा १६७६ मिलिमीटरचा रुंद रूळ. दुसरीकडे निम्म्याहूनही अरुंद, ७६२ मिलिमीटरचा, बार्शी लाइट रेल्वेचा.

२/ बार्शी ही कापसाची पेठ मुख्य मार्गापासून दूर राहिली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीशी जोडली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही, अशी त्याने रचना केली. म्हणून हलके, स्वस्त रूळ पुरले.

३/ पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला.

४/ मात्र रूळ बदलला की गाडीही बदलावी लागे. मुंबईहून आलेला वारकरी इथे उतरून छोट्या गाडीत चढे. कापसाच्या गाठी एका वाघिणीतून दुसरीत भराव्या लागत. प्रवाशांचा हा खोळंबा फलाटावरच्या हमालाची मजुरी होता.

५/ १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. नव्या शतकाच्या आरंभी रूळ रुंद झाले. लातूरची गाडी आता थेट मुंबईला जाते. सोय झाली, हमालाचे काम सरले.

६/ जुन्या जंक्शनवर गाड्या पाहायला गेलात, तर रुळांमधले अंतरही पाहा. कोणी उतरायचे आणि कोणी बसून पुढे जायचे, हे त्यानेच ठरवले होते.