तळटीप: ज्युलियन आणि मेहकरचा बालाजी

रोमन सम्राट ज्युलियनने (राज्यकाळ इ.स. ३६१–३६३) ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवतांची देवळे उघडली, तरी पूजा परतली नाही. वीस महिन्यांच्या राज्यात काय होणार, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण ३६२ साली अँटिऑकजवळच्या दाफ्नीला अपोलोच्या उत्सवासाठी तो स्वतः गेला, तेव्हा बळीसाठी पुजाऱ्याने घरून आणलेला एक हंस तेवढा होता. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. याउलट बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला १८८८ साली शारंगधर बालाजीची मूर्ती जमिनीतून निघाली, गावाने ती प्रतिष्ठापित केली, आणि पूजा आजही चालू आहे. मेहकरात भक्ती मुळातच जिवंत होती, मग ही तुलना कशी, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे नेमके तेच आहे: अँटिऑकमध्ये सम्राटाजवळ देऊळ, मूर्ती, खजिना सारे होते, नैवेद्य घेऊन निघणारी घरे नव्हती.