प्लग काढला, मोटार बंद केली. तरी शॉक का बसतो?

पोरांच्या हट्टापायी आमच्या घरी माशांची काचेची टाकी आली. थंडीत एकदा पाणी बदलायचं म्हणून मी पंपाचा प्लग काढला आणि टाकीत हात घातला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या. पंपाची वायर बाहेर लोंबकळतेय, मग करंट आला कुठून? मासे तर मजेत फिरत होते, त्यामुळे आधी भासच वाटला.

भास नव्हता. पाणी कोमट ठेवायचा हीटर दुसऱ्या बोर्डावर चालूच होता आणि त्याच्या काचेला बारीक तडा गेला होता. टाकीतलं पाणी एकच. त्यात एक वस्तू खराब असली की बंद पंपाला हात लावणाऱ्यालाही शॉक बसतो. मासे जमिनीला टेकलेले नसतात, त्यामुळे त्यांना काही होत नाही. आपण ओल्या फरशीवर अनवाणी उभे असतो, करंट आपल्यातून जमिनीत उतरतो.

कूलर आणि टिल्लू पंपाचंही असंच आहे. बोर्डाचं बटण एकच वायर तोडतं. वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलं असेल, तर बटण बंद असतानाही फेज मोटारीपर्यंत आलेलीच असते. अर्थिंगची वायर तर बटणातून जातच नाही. घराचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि दुसरीच एखादी वस्तू बॉडीला करंट देत असेल, तर तो अर्थच्या वायरने फिरून बंद कूलरच्या पत्र्यावर येतो. म्हणून कूलरमध्ये पाणी भरताना बटणावर विसंबू नका, प्लगच उपसून ठेवा.

शेतात सगळ्यात फसवा असतो तो कपॅसिटर. सिंगल फेज सबमर्सिबलच्या पेटीत बहुधा दोन डबे असतात. एक मोटार उठवायला, एक चालवायला. हे डबे करंट साठवून ठेवतात. एरवी मोटार बंद झाली की साठा वाइंडिंगमधून निघून जातो. पण वायर सुटलेली असेल, किंवा उठवायचा डबा बटण सोडताच लाईनपासून वेगळा झाला असेल, तर साठा आत राहू शकतो. 230 व्होल्टच्या लाईनवर तो सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जातो. लाईट गेलेली, मेन स्विच पाडलेला, आणि तरी हात झटकला जातो तो यामुळे. बरेच जण स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं जोडून डबा रिकामा करतात. ठिणगी डोळ्यात जाते, डबाही फुटू शकतो. मेन पाडल्यावर होल्डरमध्ये 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी टोकांना पाच-दहा सेकंद धरायच्या. वायरीच्या उघड्या भागाला बोट लागू द्यायचं नाही. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

थ्री फेजवाल्यांनी लक्षात घ्यावं, लाल बटण दाबलं तरी स्टार्टरच्या वरच्या टोकांना 415 व्होल्ट असतातच. त्यात ऑटो लावलेला असला तर लाईट आल्याबरोबर मोटार स्वतःहून उठते. रात्रपाळीची लाईट असताना तर विचारूच नका. मेन पाडा, किटकॅट काढून खिशात ठेवा, मग पेटी उघडा. टेस्टर आधी चालू लाईनवर पेटतो का ते बघा. बंद पडलेला टेस्टर सगळीकडे ‘करंट नाही’ असंच सांगतो.

कोणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून सुक्या लाकडाने माणूस सोडवा आणि 108 ला फोन करा. बाहेरची तार तुटून पडली असेल तर लाकूडही नको, लांब थांबून 1912 वर कळवा.

घराला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वेगळी, ती वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबून बघायचं. मात्र कपॅसिटरचा झटका तीही अडवत नाही, कारण तो लाईनमधून येतच नाही.